बहीण आणि निराधार

वृत्तपत्राचे पहिले पान बातम्यांसाठी असते. अग्रलेखाने आपली नेहमीची जागा सोडून तेथे यावयाचे, तर काही विशेष घडलेले असावे लागते, असा संकेत आहे. आज ज्या विषयावर आम्ही लिहीत आहोत त्यात विशेष असे काहीच घडलेले नाही. वर्षानुवर्षे काही घडत नाही, हीच त्यातील बातमी आहे; आणि अशी बातमी आतल्या पानावर दिली म्हणजे वाचक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात, हा अनुभव असल्यामुळे आज ती त्यांच्या सकाळच्या चहाच्या पेल्याशेजारी मांडणे आम्हांस अवश्य वाटले. विषय आहे निराधारांना मिळणाऱ्या सरकारी अर्थसाहाय्याचा, आणि ते मिळण्यापूर्वी त्यांना जो उंबरठा ओलांडावा लागतो त्याचा.

परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. जायकवाडीचा डावा कालवा या भागातून गेला असला, तरी तालुक्यातील पुष्कळ शेती अद्याप पावसाच्या लहरीवरच अवलंबून आहे आणि ज्यांना शेती नाही ते त्या शेतीवरील मजुरीवर अवलंबून आहेत. कोल्हा, केकरजवळा, ताडबोरगाव, रामपुरी अशा गावांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांना, विधवांना आणि अपंगांना मदतीसाठी मानवतच्या तहसील कचेरीची वाट धरावी लागते. महाराष्ट्रातील कोणत्याही तहसील कचेरीची कथा याहून निराळी नाही, आणि म्हणूनच आम्ही मानवतचे नाव घेतले. एखादी बाई डोळ्यांपुढे आणावी. नवरा निवर्तलेला, जमीन नावावर नाही, हंगामात कापूस वेचावयाचा आणि एरवी मिळेल ते काम करावयाचे. तिच्या कापडी पिशवीत शिधापत्रिका आहे, आधार कार्ड आहे, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आहे, बँकेचे पासबुक आहे. एवढे सारे कागद असूनही एक कागद कमी पडतो. तो म्हणजे उत्पन्नाचा दाखला. आपण किती गरीब आहो हे तिने सरकारला पटवून द्यावयाचे असते.

तिच्यासाठी असलेली योजना नवी नाही. १९८० साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले आणि अनाथ यांना दरमहा काही रोख रक्कम देणारी ही योजना त्या काळी अनेक राज्यांच्या पुढे एक पाऊल होती. ज्यांचे वय पासष्टीच्या पुढे गेले त्यांच्यासाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आली. केंद्र सरकारनेही १९९५ च्या १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू करून निराधार वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपयांचा हिस्सा उचलला. राज्याच्या अनुदानाची रक्कम पुढे वाढत गेली. दीर्घकाळ ती ६०० रुपये होती. २०१९ साली ती १००० झाली आणि २०२३ साली १५०० झाली. अपंगांसाठी ती २५०० करण्याचा निर्णय २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने घेतला. या वाढीचे श्रेय ज्या ज्या सरकारांचे असेल त्यांना ते मोकळ्या मनाने द्यावे. परंतु रक्कम वाढत असताना दाराची चौकट मात्र होती तेवढीच राहिली. २०२४ साली, ज्या वर्षाचा विचार आपणांस पुढे विस्ताराने करावयाचा आहे, त्या वर्षी या योजनांत बसण्यासाठी सर्वसाधारण निराधार कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे लागे किंवा त्याचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागे.

या आकड्याकडे नीट पाहिले पाहिजे. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १७५० रुपये. म्हणजेच संपूर्ण कुटुंबाला दिवसाला ५८ रुपयांहूनही कमी. यात तेलमीठ आले, औषधपाणी आले, मुलाची वही आली आणि तहसील कचेरीपर्यंतचे मोटारीचे भाडेही आले. एवढ्यात कोणाचे कुटुंब जगत असेल असे मानणे म्हणजे माणूस वाऱ्यावर जगतो असे मानणे होय. केंद्र सरकारने त्याच वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या कामावरील दैनिक मजुरी २९७ रुपये अशी ठरविलेली होती. तेव्हाच्या राष्ट्रीय कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षात १०० दिवसांच्या कामाची हमी दिलेली होती. हमी पुरी झाली असती तर त्या कुटुंबाच्या हाती २९,७०० रुपये पडले असते. शाळेतील मुलालाही सोडविता येईल असे हे गणित आहे. ७१ दिवस काम केले की कुटुंबाचे उत्पन्न २१ हजारांच्या वर जाते. म्हणजे कायद्याने देऊ केलेले काम जो गरीब पूर्णपणे करील, तो राज्य शासनाच्या नियमान्वये गरीब राहत नाही. एका हाताने दिलेली हमी दुसऱ्या हाताने नाकारण्याचा असा प्रकार कोणी मुद्दाम योजिला असेल असे आम्ही म्हणत नाही. दोन सरकारांनी दोन आकडे ठरविले आणि ते आकडे एकमेकांसमोर ठेवून पाहण्याची कोणास गरज वाटली नाही, एवढेच झाले. पण त्याचा भुर्दंड कचेरीच्या पायरीवर बसलेली ती बाई भरते.

मग प्रत्यक्षात काय होते? दाखले तर मिळतात. लाखो लोकांना मिळाले आहेत. ते मिळतात याचे कारण उघड आहे. तलाठी गावचा असतो, तो बाईची स्थिती डोळ्यांनी पाहतो, आणि नियमाचा आकडा माणुसकीच्या आड येतो हे ओळखून तो चौकशीच्या अहवालात २१ हजारांच्या आतला एखादा आकडा लिहून टाकतो. तहसीलदार त्यावर सही करतो. बाई अंगठा उठविते. या साऱ्या व्यवहारात कोणीही दुष्ट नाही आणि तरीही त्यातला प्रत्येकजण एका असत्याचा वाटेकरी झालेला आहे. आम्हांस या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष येथे दिसतो. गरिबाला मदत हवी असेल तर त्याने आधी खोटे बोलावे, अशी अट शासनाने न लिहिता घातलेली आहे. जो तलाठी दयाळू आहे तेथे ती अट निभावते. जो हिशेबी आहे तेथे त्या दयेला किंमत पडते. आणि जो खरोखरच सचोटीचा, शब्दाला शब्द लावून नियम वाचणारा आहे, तेथे अर्ज नामंजूर होतो. ज्या नियमामुळे प्रामाणिक कर्मचारी निर्दय ठरतो आणि प्रामाणिक अर्जदार उपाशी राहतो, तो नियम कागदावर कितीही काटेकोर दिसला तरी त्यास न्याय्य म्हणता येणार नाही.

याच पार्श्वभूमीवर २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. २८ जून २०२४ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात अर्थसंकल्प मांडताना ती घोषित केली, आणि ऑगस्टच्या मध्यास, रक्षाबंधनाच्या आधी, जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांचे मिळून ३००० रुपये राज्यातील बहिणींच्या खात्यांवर जमा होऊ लागले. २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रीला दरमहा १५०० रुपये. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. अंगणवाडीची सेविका अर्ज भरून घेई, हमीपत्रावर सही होई आणि काम झाले. लाभार्थी स्त्रियांची संख्या पाहता पाहता दोन कोटींच्या वर गेली. शासनाच्या यंत्रणेला गरिबाच्या दारापर्यंत जाता येत नाही, कागद तपासण्यास माणसे नाहीत, बँका सहकार्य करीत नाहीत, या ज्या सबबी आम्ही आणि आमच्या वाचकांनी वर्षानुवर्षे ऐकल्या, त्या साऱ्या या दोन महिन्यांत निकाली निघाल्या. इच्छा असली म्हणजे यंत्रणा धावते, हे सिद्ध झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक होती आणि ती इच्छा कोठून आली हे सांगावयास नको. तथापि हेतू कोणताही असो, लाखो स्त्रियांच्या हाती प्रथमच स्वतःच्या नावाचा पैसा आला, याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. घरात ज्या बाईला दहा रुपयांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत होते तिला त्या पैशाने काय दिले, हे पुरुषांनी ठरवू नये हे बरे.

आमचा प्रश्न निराळा आहे. एकाच राज्यात, एकाच वेळी, एकाच १५०० रुपयांसाठी दोन मापे कशी चालतात? ज्या घरात महिन्याला वीस हजार रुपये येतात त्या घरातील स्त्रीला केशरी शिधापत्रिकेवर विश्वास ठेवून पैसे द्यावयाचे, आणि जिच्या घरात मिळवते माणूस उरले नाही तिला महिन्याला १७५० रुपयांहून अधिक मिळत नाहीत याचा पुरावा मागावयाचा! मर्यादेत जवळजवळ बारा पटींचा फरक आहे. त्यातून लाडकी बहीण योजनेचा नियम असा, की शासनाच्या दुसऱ्या योजनेतून जिला दरमहा १५०० रुपये मिळतात तिला या योजनेचा लाभ नाही. म्हणजे निराधार विधवेला ती निराधार आहे म्हणून एक पैसाही अधिक मिळत नाही. सधवा आणि विधवा, धडधाकट आणि दुबळी, यांना रक्कम सारखी. फरक फक्त कागदांच्या गठ्ठ्यात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अशाच एखाद्या प्रसंगी रचली असावी.

या विसंगतीचा कळस वयाच्या पासष्टाव्या वर्षी होतो. लाडकी बहीण योजनेचे वय तेथे संपते आणि श्रावणबाळ योजनेचे वय तेथे सुरू होते. कालपर्यंत जी बहीण होती ती त्या दिवशी वृद्धा होते. कालपर्यंत तिच्या घराला अडीच लाखांची मोकळीक होती, आणि त्या दिवसापासून, २०२४ सालच्या नियमांप्रमाणे, ती मोकळीक २१ हजारांवर येते. जोवर हातपाय चालत होते, कापूस वेचता येत होता, तोवर सरकारचा विश्वास. हात थरथरू लागले, नजर मंदावली, मजुरीला कोणी बोलावीनासे झाले की संशय. भावाने बहिणीला ओवाळणी द्यावी आणि ती म्हातारी झाल्यावर तिच्याकडे दारिद्र्याचा दाखला मागावा, असे आपल्या कोणत्याही घरात घडले तर आपण त्या भावास काय म्हणू? शासनाने नात्याची भाषा आपण होऊन वापरली आहे. त्या भाषेचा अर्थही त्याने पाळला पाहिजे.

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. हा प्रश्न रास्त आहे, आणि जबाबदार वृत्तपत्राने त्याची टाळाटाळ करू नये. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. ती करताना इतर खात्यांच्या पिशव्यांत हात घालावा लागला, आणि मे २०२५ मध्ये खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी आपल्या खात्याचा निधी वळविल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. ज्या खात्याकडे निराधारांची काळजी सोपविलेली आहे त्याच खात्याचा निधी वळविला जावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. एवढी मोठी तरतूद जे राज्य एका वर्षात उभी करू शकते, त्याला निराधारांच्या उत्पन्नाची मर्यादा वाढविणे परवडत नाही, हे म्हणणे पटण्याजोगे नाही. केंद्र सरकारचेही माप आपण येथेच काढावे. २००६ साली त्याने वृद्धांच्या निवृत्तिवेतनातील आपला हिस्सा दरमहा २०० रुपये केला. पुढे २०११ मध्ये पात्रतेचे वय साठावर आणले आणि ऐंशीच्या पुढील वृद्धांना ५०० रुपये दिले. परंतु साठ ते एकोणऐंशी या वयाच्या वृद्धासाठी तो हिस्सा २०२५ सालीही २०० रुपयेच होता. या एकोणीस वर्षांत सरकारी नोकरांचा महागाईभत्ता किती वेळा वाढला याचा हिशेब आमच्या अनेक वाचकांना तोंडपाठ असेल. महागाई तीच, बाजार तोच. फक्त म्हाताऱ्या मजुराला तिची झळ लागत नाही, अशी दिल्लीची समजूत दिसते.

माप न बदलण्याचे आणखी एक उदाहरण मराठवाड्याच्या जिव्हारी लागणारे आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याने आत्महत्या केली तर त्याच्या कुटुंबास २००५-०६ पासून एक लाख रुपयांची मदत देण्यात येते. त्यातील तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत, अशी वाटणी आहे. ती मिळण्यासाठी कुटुंबाकडे जमीन असावी लागते आणि कर्ज मान्य संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. ही कसोटी उतरली तर प्रकरण ‘पात्र’, न उतरली तर ‘अपात्र’. ज्याने गावातील बिनपरवाना सावकाराकडून कर्ज घेतले, त्याचे मरण अपात्र ठरते. मागे उरलेली स्त्री मग पुन्हा त्याच निराधार योजनेच्या रांगेत येऊन उभी राहते. मरणालाही कागदांची कसोटी लावणारी भाषा आपल्या कचेऱ्यांत रुळली आहे, आणि आपल्या कानांना ती आता खटकेनाशी झाली आहे.

गैरलाभ घेणारे असतात हे आम्ही नाकारीत नाही. लाडकी बहीण योजनेची पडताळणी झाली तेव्हा, २०२५ च्या जुलैमध्ये, सुमारे २६ लाख खाती संशयास्पद ठरल्याचे शासनाने सांगितले आणि चौदा हजारांहून अधिक पुरुषांनी बहीण बनून पैसे घेतल्याचेही बाहेर आले. हे लांच्छनास्पद आहे, आणि ते पैसे वसूल व्हावयास हवेत. परंतु त्यावरचा उपाय कोणावर उलटला हेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक स्त्रीला ई-केवायसी सक्तीचे झाले, आणि त्यात तिच्या स्वतःच्या आधारबरोबरच पतीच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी मागण्यात आली. जिचा पती मेला आहे आणि वडीलही राहिले नाहीत, तिने कोणाचा आधार दाखवावयाचा? पुढे मुदत वाढवून अशा स्त्रियांकडून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद घेण्याची सोय करण्यात आली, ही गोष्ट खरी. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिल्या दिवशी विधवा नव्हती, आरडाओरड झाल्यावर ती आली, हेही तितकेच खरे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे अशाने होते. ज्याला लबाडी करावयाची आहे त्याला कागद मिळविता येतात. कागद मिळविणे हाच त्याचा धंदा असतो. कागद नसतात ते बहुधा खऱ्या गरजवंताकडे.

आता आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात असलेल्या शंकेकडे वळू. ती आम्हांस अपरिचित नाही, कारण सुशिक्षितांच्या प्रत्येक बैठकीत ती बोलली जाते. फुकट पैसा वाटला की माणसे आळशी होतात, मजूर मिळेनासे होतात, आणि कर भरणाऱ्याचा पैसा मतांच्या खरेदीत जातो, असे ते म्हणणे आहे. यातील मतांच्या खरेदीविषयीचा भाग आम्हांस मान्य आहे, आणि निवडणुकीच्या तोंडावर वाढीव २१०० रुपयांचे वचन दिले गेले तेव्हा तो अधिकच मान्य झाला. परंतु आळसाचा आक्षेप मोठा जुना आहे. १८३४ साली इंग्लंडने आपला गरिबांविषयीचा कायदा बदलला तो याच तत्त्वावर. मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत हलाखीच्या स्वतंत्र मजुराहूनही वाईट असली पाहिजे, म्हणजे कोणी उगाच मदत मागणार नाही, असा त्यामागचा विचार होता. त्यासाठी तेथे कष्टगृहे बांधली गेली, नवराबायकोंना व मुलांना वेगळे ठेवले गेले. आळस किती कमी झाला हे सांगणे कठीण. अपमान मात्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या लक्षात राहिला, आणि १९४८ साली त्या देशाने तो कायदा पुसून टाकला. आपल्या २१ हजारांच्या मर्यादेत त्याच जुन्या विचाराचा अंश शिल्लक आहे. शिवाय हा आक्षेप निराधारांना मुळात लागूच पडत नाही. सत्तर वर्षांची वृद्धा, अंथरुणाला खिळलेला रोगी, चाकाच्या खुर्चीतील तरुण, यांनी मजुरी करून कोणाचे शेत पिकवावे अशी आपली अपेक्षा आहे?

ज्यांच्या हातापायांत बळ आहे त्यांना काम, आणि ज्यांच्यात ते नाही त्यांना साहाय्य, हा विचार महाराष्ट्राला कोणी बाहेरून शिकवावयास नको. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या माळरानांवर स्त्रीपुरुषांनी खडी फोडली, सुकडीवर मुले जगविली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्याच सुमारास घडलेल्या हत्याकांडामुळे मानवतचे नाव देशभर गेले आणि आजही पुष्कळांना ते तेवढ्यासाठीच ठाऊक आहे. त्याच काळात याच मातीत हजारो माणसांनी भीक न मागता कष्टाने दुष्काळ काढला, याची आठवण मात्र कोणी काढीत नाही. त्या दुष्काळाने वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर रुजविली. १९७७ साली तिचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाने असा कायदा केला तो पुढे २००५ साली.

या इतिहासातील एक भाग शहरातील वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा, कारण तो त्यांच्या पगारपत्रकावर दर महिन्याला छापलेला असतो. रोजगार हमीचा खर्च भागविण्यासाठी महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसायकर बसविला. बहुतेक नोकरदारांच्या पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ते त्या कायद्यान्वये. गावातील मजुराला काम मिळावे म्हणून शहरातील नोकरदाराने आपल्या पगारातून थोडा वाटा द्यावा, हे त्या वेळच्या मध्यमवर्गाने मान्य केले. त्याविरुद्ध बंड झाले नाही. या कराचा उगम आज अनेकांना ठाऊक नसेल. पण आपले वडील आणि आजोबा कशासाठी पैसे देत होते हे कळले, तर गरिबाला दिलेल्या प्रत्येक रुपयाकडे उधळपट्टी म्हणून पाहण्याची सवय कदाचित थोडी कमी होईल.

या प्रश्नाचे मूळ शेवटी राज्यघटनेत आहे. घटनेच्या ४१ व्या कलमाने बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांच्या बाबतीत नागरिकास सार्वजनिक साहाय्य मिळवून देण्याची तजवीज करावी, असे राज्यास सांगितले आहे. आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, असे शब्द तेथे आहेत, हे आम्ही विसरत नाही. निदेशक तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही, हेही खरे. परंतु ३७ वे कलम हीच तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत आहेत असे बजावते. ‘ओवाळणी’ हा शब्द कितीही गोड असला तरी घटनेत तो नाही. ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीची असते, सण पाहून दिली जाते, आणि भाऊ रुसला तर बंद पडते. साहाय्य हा हक्क असेल, तर त्याची तारीख ठरलेली असते आणि ते सरकार बदलल्याने किंवा निवडणूक सरल्याने कमीजास्त होत नाही.

म्हणून शासनाकडे आमचे मागणे थोडके आणि स्पष्ट आहे. निराधारांच्या उत्पन्नाची मर्यादा कोणी मंत्री उदार झाला म्हणजे वाढावी, नाहीतर दशकभर गोठून राहावी, ही रीत संपली पाहिजे. ती मजुरीच्या शासनमान्य दराशी जोडावी आणि दर वर्षी एप्रिलमध्ये आपोआप बदलावी. कायद्याने हमी दिलेले सगळे दिवस काम केलेल्या कुटुंबातील वृद्ध किंवा विधवा तीत बसलीच पाहिजे, एवढे किमान माप असावे. लाडक्या बहिणीसाठी जी शिधापत्रिका पुरेशी ठरली ती निराधार भगिनीसाठीही पुरेशी मानावी. पासष्टी ओलांडणाऱ्या स्त्रीकडून नवा अर्ज न घेता तिचे नाव एका योजनेतून दुसऱ्या योजनेत शासनानेच न्यावे. तिचे वय, खाते आणि आधार ही सारी माहिती त्याच्याकडे आहेच. २०२४ च्या अखेरीपासून निराधारांचे अनुदान थेट खात्यावर जाऊ लागले आहे, ही सुधारणा चांगली आहे. आता तिला तारखेची जोड द्यावी, आणि त्या तारखेस पैसे न आल्यास कारण काय हे गावच्या चावडीवर लिहिले जावे. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीवर कोणाची नेमणूक झाली आणि कोणाची रखडली याच्याशी अर्जदाराचे काही देणेघेणे नसावे. ठरलेल्या मुदतीत निर्णय झाला नाही तर अर्ज मंजूर समजावा. गैरलाभाची तपासणी अवश्य व्हावी, पण ती ग्रामसभेत यादी वाचून व्हावी. कोण खरा निराधार आहे हे गावाइतके कोणासच ठाऊक नसते, आणि गावासमोर खोटे बोलणे तहसील कचेरीत खोटे बोलण्याइतके सोपे नसते.

यातील एकही गोष्ट अशक्य नाही. २०२४ च्या पावसाळ्यात जे शासन आठ आठवड्यांत राज्याच्या कानाकोपऱ्यातील स्त्रियांपर्यंत पोहोचले, त्याला हे जमत नाही असे कोणी म्हणेल तर ते ऐकून घेण्याचे कारण नाही. विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात लाडक्या बहिणींच्या हप्त्यावरून सभागृह दणाणून जाते, कारण त्यांची संख्या मोठी आहे. निराधारांची संख्या थोडी आहे, त्यांच्यातील पुष्कळांना मतदानकेंद्रापर्यंत चालत जाणेही अवघड आहे, आणि त्यांच्यासाठी सभागृह दणाणत नाही. तो आवाज शहरातील सुशिक्षितांनी उठवावयास हवा. आपल्या आमदाराला एक पत्र लिहून, दिवसाला ५८ रुपये हे माप निराधार कुटुंबासाठी त्याला मान्य आहे काय, एवढे विचारण्यास कोणालाही अडचण पडू नये. मानवतच्या कचेरीत बसलेल्या बाईजवळ सगळे कागद आहेत. जो एक कागद कमी आहे तो तिने आणावयाचा नाही. तो विधिमंडळाने संमत करून द्यावयाचा आहे.